नारू निघेपर्यंत

दुष्काळी माणसं आमच्या गावात आली तेव्हा पहिले दोन दिवस गाव फार चांगलं वागलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कोणी म्हणायला नको की ही म्हातारी गावावर डूख धरून बसली आहे. घराघरातून भाकऱ्या गोळा झाल्या, कोणी जनावरांपुढं उसाचं वाढं टाकलं, सरपंचांनी स्वतः उभं राहून गावाबाहेरच्या पडीक रानात त्यांना जागा दाखवली. तिसऱ्या दिवशी लोक विचारायला लागले, "कधी जानार?"

बहात्तरचा पाऊस पडला नाही, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. आमचं गाव राहात्याजवळ, पाटाच्या भागातलं. उसाचं, पेरूच्या बागांचं. आमच्याकडंही त्या साली पाट कोरडा पडला होता, पण बारवेला पाणी होतं. आणि जे आले ते पाथर्डीकडचे, जिथं प्यायलाही उरलं नव्हतं. आठ-दहा कुटुंबं, बैलगाड्या, कमरेची हाडं वर आलेली जनावरं. निर्वासित हा शब्द तेव्हा रेडिओवर फार ऐकू यायचा, तिकडं बंगालच्या बाजूला आलेल्या लोकांसाठी. आमच्या रानात गाड्यांखाली पोती बांधून राहिलेल्या माणसांना कोणी निर्वासित म्हटलं नाही. त्यांना दुष्काळीच म्हणायचे, आणि म्हणताना नाक जरा वर जायचं.

माझं माहेर पाथर्डीकडचं. लग्न होऊन मी या ओल्या मुलखात आले. चौथीपर्यंत शाळा झाली होती, तेवढ्यावर गावातल्या सरकारी दवाखान्यात आया म्हणून लागले होते. झाडायचं, सुया उकळायच्या, जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या. डॉक्टर तरुण होते, चांगले होते, पण त्यांच्याकडं तीन गावं. आठवड्यातून दोनदा फटफटीवर यायचे. बाकीचे दिवस दवाखाना म्हणजे मी आणि कपाटाची किल्ली.

डॉक्टरांनी सांगितलं, तसं मी रोज सकाळी त्या रानात जायला लागले. पोरांचे डोळे आलेले, अंगावर खरूज, टाचा फुटून रक्त निघालेलं. मिलो म्हणून लाल ज्वारी रेशनवर मिळायची, तिच्या भाकरीनं निम्म्यांची पोटं बिघडलेली. मी पोरांना ओळीनं बसवून साबणानं घासायचे. गोड बोलायला मला तेव्हाही येत नव्हतं.

"रडून खरूज जात न्हाई," मी म्हणायचे. "हात वर कर."

एक म्हातारा म्हणाला, "बाई, जरा दमानं. पोरगं हाय, हंडा न्हाई."

"हंडा आसता तर आतापातूर चकाकला आसता," मी म्हटलं. पोरं हसली. हसताना त्यांच्या डोळ्यांत औषध घालणं सोपं जातं.

तिसऱ्या का चौथ्या सकाळी मला दिसलं, एका गाडीखालून एक बाई बाहेरच येत नव्हती. बावीसेक वर्षांची असेल. कडेला तिचं लेकरू मातीत खेळत होतं. ती बसल्या जागेवरून त्याला हाका मारायची, पण उठायची नाही. नवरा गाडीला टेकून उभा.

"तिला काय झालंय?" मी विचारलं.

"काय न्हाई. काटा भरलाय."

"कशाचा?"

"बाभळीचा."

"कवा?"

त्यानं बैलाकडं बघितलं, जसं काही बैलच सांगणार होता.

मला तेवढ्यावर कळलं. आमच्या माहेरी नारू झाला की परक्या गावात कोणी नारू म्हणत नाही, काटा म्हणतात. नारू म्हणजे पायातून निघणारा जंत. दोऱ्यासारखा पांढरा, हात-दोन हात लांब. आधी फोड येतो, तो फुटतो, मग त्यातून दोऱ्याचं टोक दिसायला लागतं आणि आग होते. नारूवाल्याला कुठलंच गाव पाण्याजवळ येऊ देत नाही. म्हणून काटा.

मी गाडीखाली वाकून म्हटलं, "मी कुठली हाय ठावं हाय का तुमाला? पाथर्डीची. माज्या बापालाबी आसाच काटा भरला व्हता. दोन हात लांबीचा."

आतून ती बाई हसली. मग तिनं पाय बाहेर काढला.

घोटा सुजून तुकतुकीत झाला होता. वरून कोणीतरी शहाण्यानं बिब्बा घातला होता, त्यानं सगळीकडं कातडी भाजून काळी पडली होती. बिब्बा कोणी घातला विचारलं तर ती नवऱ्याकडं बघायला लागली आणि नवरा पुन्हा बैलाकडं. त्या काळ्या डागांच्या मध्ये फोड फुटला होता आणि सुईत ओवायच्या दोऱ्याएवढं पांढरं टोक बाहेर आलं होतं.

नारू कसा काढायचा हे आमच्याकडच्या कोणत्याही घरात माहीत असतं, त्यात माझी काही हुशारी नाही. आगपेटीची काडी घ्यायची. टोक तिला लावायचं, हलक्या हातानं एक वेढा द्यायचा, जमला तर दुसरा. ताण लागला की थांबायचं. काडी पायावरच ठेवून पट्टी बांधायची आणि उद्या पुन्हा. घाई केली तर तो तुटतो. तुटला की उरलेला आत मरतो आणि पाय नासतो. माझ्या बापाच्या भावाचा असाच तुटला होता. तो पुढं आयुष्यभर काठी घेऊन चालला. मी तिथंच काडी लावली आणि पहिला वेढा दिला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. पाय बघितला, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, जखमेवर पावडर टाकली.

"असंच चालू ठेवा," ते म्हणाले. "पंधरा-वीस दिवस तरी लागतील. हिनं चालायचं नाही. आणि हा पाय पिण्याच्या पाण्यात जाता कामा नये. नारूची पिलं पाण्यात सुटतात. ते पाणी कोणी प्यायलं, तर वर्षानं त्याच्या अंगातून नारू निघतो. गावाला सांगा, दुपदरी फडक्यानं गाळून पाणी प्या."

मी म्हटलं, "का गाळायचं ते सांगितलं, तर गाव ह्यांना आजच हाकलील."

"न सांगून चालणार नाही."

"मग तुमी सांगा. तुमचं ऐकतील."

"पुढच्या खेपेला सगळ्यांना बोलवा. मी सांगतो," म्हणून ते फटफटीवर बसले. पुढची खेप यायच्या आधीच सगळं झालं.

ऐन दुपारी मी दवाखान्याच्या दारात पट्ट्या वाळत घालत होते. बारव तिथून समोर. पूर्वी मोट चालायची तेव्हाची दगडी बांधणी आणि दुसऱ्या बाजूनं खाली पाण्यापर्यंत गेलेल्या पायऱ्या. त्या वेळी पाण्यावर कोणी नसायचं. मला पायऱ्यांवर एक लुगडं हलताना दिसलं. बसल्या बसल्या, एकेका पायरीवरून खाली सरकत होतं.

मी पळाले. ती खालून दुसऱ्या पायरीवर पोचली होती आणि तिनं तो पाय पुढं केला होता. मी तिची वेणी धरून मागं ओढली आणि एक थोबाडीत दिली.

"आक्का, लई जळतंय गं," ती म्हणाली. "आत निखारा ठिवल्यावानी. नुसतं टेकवते."

"टेकवलास तर हे आख्खं गाव जळंल पुढल्या साली."

"मला काय ठावं?"

तिला खरंच माहीत नव्हतं. डॉक्टर माझ्याशी बोलले होते, तिच्याशी नाही. नारूची आग गार पाण्यानंच निवते, आणि पाण्यात गेला की नारूचं काम होतं. तो जळवतोच त्यासाठी. मी तिला सांगितलं, आग झाली तर घमेल्यात पाणी घेऊन त्यात पाय बुडव आणि ते पाणी लांब तापल्या मातीवर फेकून दे. मग तिला पाठुंगळी घेतली आणि वर आले.

वर आमच्याच आळीतली एक बाई कळशी घेऊन उभी होती. तिची नजर पट्टीवर गेली, पट्टीतून बाहेर आलेल्या काडीवर गेली. कळशी तिथंच टाकून ती ओरडत गावात गेली, "नारूवाली बारवेत उतरली! नारूवाली बारवेत उतरली!"

घटकाभरात सगळं गाव बारवेवर. सरपंच नात्यानं माझे चुलत दीर. मी डोक्यावरचा पदर सारखा केला. पदर घेऊनही बोलता येतं, तोंड उघडंच असतं.

"वैनी," सरपंच म्हणाले, "ही बाई आत उतरली हुती का न्हाई?"

"उतरली हुती."

"पाय घातला?"

"न्हाई."

"तुमी काय तिच्या पायावर बसून हुता?" मागून कोणीतरी म्हणालं आणि लोक हसले.

"पट्टी बघा," मी म्हटलं. "कोरडी ठक्क हाय."

"उन्हानं वाळली आसंल."

"इतक्यात? तुमची धोतरं दिसभर वाळत न्हाईत आन हिची पट्टी बरी वाळली."

त्याचाही हशा झाला, पण कोणी हललं नाही. तेव्हा मी दवाखान्यातला तांब्या आणला, पायऱ्या उतरून भरला, वर आले, पदराची दुहेरी घडी तांब्यावर धरली आणि सगळ्यांसमोर पाणी प्यायले.

"गाळून का पिलीस मग?" ती आळीतली बाई म्हणाली. "एवढी खातरी हाय तर तसंच पी की."

"डॉक्टरांनी सांगितलंय म्हनून. तुमीबी गाळून प्या. ही बाई आली नसती तरी गाळूनच प्यायला पायजे. तुमच्या बारवेत बेडकं काय आंघोळीला साबन लावून उतरत्यात का?"

गावाची भीती खोटी नव्हती. हे मी तेव्हाही जाणत होते. नारू वाईट, आणि सगळ्या गावाचं पिणं त्या एका बारवेवर. घाबरायचं कारण होतं. पण भीती वाटली म्हणून माणूस काय करतो यावर त्याची किंमत ठरते, आणि गावानं पहिलं जे काढलं ते म्हणजे हाकला. आल्या दिवशी जात विचारून झाली होती. आपल्यासारखेच शेतकरी निघाले म्हणून तिथं काही सापडलं नव्हतं. आता नारू सापडला.

"उद्या सकाळी त्यांनी निघायचं," सरपंच म्हणाले.

"ती चालू शकत न्हाई. निम्मा नारू बाहेर हाय, निम्मा आत. चालली तर तुटंल. तुटला तर पाय जाईल."

"तिच्या एकलीच्या पायासाठी गावानं नारू घ्यायचा?"

"गावानं पानी गाळून घ्यायचं. ते जमत न्हाई व्हय?"

"आन ही मानसं? त्यांचं पानी?"

"त्यांचं काय?"

"एकबी दुष्काळी पायरी उतरनार न्हाई. त्यांचा पोहरा न्हाई, दोर न्हाई, भांडं न्हाई. काय पान्याला लागायचं न्हाई. मग कशी ऱ्हानार? पान्याबिगर?" आपण फार बिनतोड बोललो असं वाटून त्यांनी लोकांकडं बघितलं.

"मी काढून देते," मी म्हटलं.

"सगळ्यांचं?"

"व्हय."

हे मी रागात बोलले. आठ-दहा कुटुंबांचं पाणी म्हणजे किती, याचा हिशेब केला नव्हता. केला असता तरी तेच बोलले असते, पण जरा हळू आवाजात.

घरी सासू चुलीपुढं बसली होती. तिच्यापर्यंत सगळं आधीच पोचलं होतं.

"सरकारी आया झालीस, लोकांची गळवं फोडलीस, ते आमी गिळलं," ती म्हणाली. "आता दुष्काळ्यांची पानकी व्हायची ऱ्हायली हुती?"

"आत्याबाई, तुमचं पानी आधी भरीन, मग त्यांचं."

"माज्या पान्याची बात न्हाई. नाकाची हाय."

मालक जेवत होते. ते म्हणाले, "तुमचं तुमी बघा," आणि आणखी आमटी मागितली. त्यांचा स्वभाव तसाच होता. आडवे आले नाहीत, एवढं पुष्कळ.

दुसऱ्या दिवसापासून मी मोटेच्या बाजूला उभी राहून पोहऱ्यानं पाणी शेंदायला लागले. खाली पाणी खोल गेलेलं, दोर लांब. दुष्काळी बाया हंडे घेऊन चार हात लांब उभ्या राहायच्या, मी वरून ओतायचे. त्यांचे पुरुष तिथंच उभे. दोर ओढायला त्यांचे हात शिवशिवायचे, पण ओढून द्यायची बंदी. एकानं तर तोंड फिरवून घेतलं, बाईमाणसाला ओढताना बघवेना म्हणून. मी म्हटलं, "बघवत नसंल तर डोळे मिट. हंडा मातर सरळ धर."

दोन दिवसांत तळहात सोलले. तिसऱ्या दिवशी ओतता ओतता माझ्या ध्यानात आलं की हे मी पहिल्यांदा बघत नव्हते. आमच्या गावाच्या एका कडेच्या घरांतल्या बाया कितीतरी वर्षं याच दगडापाशी अशाच लांब उभ्या राहायच्या. कोणीतरी येईल आणि वरून ओतील म्हणून वाट बघत. मी रोज त्यांच्या अंगावरून जात होते आणि मला ते दिसत नव्हतं. त्या दिवसापासून त्या आल्या की त्यांचंही शेंदायला लागले. त्यावरून गावात आणखी बोंब झाली. होऊ दे म्हटलं. हात सोललेच होते.

सकाळी पाणी, मग दवाखाना, मग रानात नारू. तो चांगला येत होता. रोज एखादा वेढा, एखादे दिवशी दीड. आई म्हणायची की नारू गुंडाळताना बोलायचं नाही, पण ती बाई गप्प बसली की पाय ताठ करायची, म्हणून मीच तिला बोलतं ठेवायचे.

"तुमच्याकडं लगीन कसं झालं? पसंत करून का बांधून?"

"पसंत कसलं. बैल बघाय आल्ते, मला घेऊन गेले."

"बैल चांगला निघाला का?"

"बैल चांगला हुता. दुष्काळात मेला." मग नवऱ्याकडं हनुवटी करून, "ह्यो ऱ्हायला."

डॉक्टर आले तेव्हा त्यांनी गावाला जमवून सगळं नीट समजावलं. फडकं कसं बांधायचं ते दाखवलं. निम्म्या घरांनी ऐकलं. निम्म्यांनी मान हलवली. सरपंचांनी डॉक्टरांना चहा पाजला आणि त्यांची फटफटी शिवेपलीकडं गेल्यावर ट्रॅक्टर काढला.

मी रानात होते. पाय मांडीवर, काडी चिमटीत. त्या दिवशी नारू फारच सैल येत होता, दुसरा वेढा पडत होता. अशा वेळी हात सोडता येत नाही. सोडला की तो आखडून पुन्हा आत जातो. तेवढ्यात ट्रॉलीसकट ट्रॅक्टर धडधडत आला. वर ड्रायव्हर, मोठ्या मिशांचा गडी, आणि मागं सरपंच.

"वैनी, आता कोनाला चालायची गरज न्हाई," ते म्हणाले. "बसा म्हनावं समद्यांनी ट्रॉलीत. नीट पाथर्डीच्या वाटंला सोडतो. डिझेल माझं."

त्या बाईचा पाय माझ्या मांडीवर उडायला लागला. मी गुडघ्यानं तो दाबून धरला.

"ट्रॉलीच्या हादऱ्यानं तुटंल," मी म्हटलं.

"सारखं तुटंल तुटंल. हाय तरी काय एवढं?"

"या. बघा."

"मला काय बघायचं न्हाई."

"न्हाई कसं? गावचा निकाल तुमी करता. कशाचा करता ते एकदा बघा तरी. तुमी नसंल तर तुमच्या ह्या मिशीवाल्याला धाडा."

ड्रायव्हरला आपण भितो असं दिसू द्यायचं नव्हतं. तो खाली उतरला, मिशीवर हात फिरवत आला आणि वाकला. मी काडी अर्धा वेढा फिरवली. तो पांढरा दोरा भोकातून हळूच सरकला, जिवंत होता, जरासा वळवळला. ड्रायव्हरनं बघितलं. मग तो तिथंच मटकन बसला, तोंड घामानं डबडबलं, आणि बाजूला वळून सकाळची न्याहारी टाकली.

बाया पदर तोंडात कोंबून हसायला लागल्या. ती नारूवालीसुद्धा हसली. पाय सैल पडला, आणि तो वेढा पुरा झाला.

"त्याला पानी द्या," मी म्हटलं. "गाळून."

आता सरपंच स्वतः पुढं आले. आले ते ड्रायव्हरला उठवायला, पण येता येता त्यांना पाय दिसला. बिब्ब्यानं भाजलेलं कातडं, भोक, काडीवरचे वेढे. वाईट माणूस नव्हते ते. बघायचं टाळणारे होते.

"आजून किती हाय आत?" त्यांनी विचारलं.

"कसं कळनार? त्याला काय मोजून पाठवत न्हाई कोनी."

त्यांनी धोतराचा सोगा झटकला. "नारू निघंपातूर ऱ्हाऊ द्या मग. पर पान्याचं ठरलंय तसंच. पायरीला पाय न्हाई." आणि ड्रायव्हरला काखेत धरून घेऊन गेले. ट्रॅक्टर बराच वेळ तिथंच उभा राहिला, कारण चालवणारा घरी जाऊन निजला होता.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी बारवेवर माझी सासू आली. मी शेंदत होते, आणि ती आळीतली कळशीवाली बाई आपली कळशी भरून पायऱ्या चढत होती. सासूला बघून ती म्हणाली, "आत्याबाई, सून लई पुन्य गोळा करतीय तुमची. घरात ठिवायला जागा हाय का?"

सासू थांबली. "माज्या सुनंला बोलायचा हक माजा हाय," ती म्हणाली. "तो मी रोज बजावते. तुला कोनी दिला?"

"मी आपलं सहज..."

"सहज बोलायचं आसंल तर तुज्या सासूला बोल. ती मरून धा वर्सं झाली तरी तुला भिऊन वर येत न्हाई."

आणि तिनं माझ्या हातातला दोर ओढून घेतला. साठीची बाई, पण हात चिवट. तिनं दोन हंडे भरून दिले. हे दयेनं केलं असं कोणी समजू नये. घरी आल्यावर मला आधीइतकंच बोलली, वर कंबर दुखते म्हणून आणखी थोडं. पण दुसऱ्या दिवशीही आली. मग तिच्या वयाच्या आणखी दोघी आल्या, कारण ती येते आणि आपण येत नाही हे त्यांना खपेना. आमच्या गावात पुष्कळ चांगल्या गोष्टी अशाच झाल्या आहेत.

नारू निघाला त्या दिवशी काहीच झालं नाही. मी वेढा द्यायला काडी फिरवली आणि तो सुटून हातात आला. शेपूट पातळ, अख्खी. मी तिला दाखवला. तिनं बघून तोंड वाकडं केलं, म्हणाली, "एवढासा?" नवऱ्यानं तो चुलीत टाकला. जखम भरायला आणखी आठवडा गेला. डॉक्टरांनी पाय दाबून, वळवून बघितला आणि म्हणाले, आता चालू दे. ती पहिल्या दिवशी गाडीला धरून चालली. दुसऱ्या दिवशी लेकरामागं पळत होती.

त्याच सुमाराला बातमी आली की पाथर्डीकडं त्यांच्या गावाजवळ सरकारनं तलावाचं काम काढलं आहे. माती टाकायला माणसं घेतात. ते गाड्या बांधायला लागले. आणि त्याच सुमाराला पाटाचं पाणी सुटणार असंही कळलं, म्हणजे आमच्याकडं उसाला कामाची माणसं लागणार.

सरपंच रानात आले. या वेळी ट्रॅक्टर नव्हता.

"कशाला जाता?" ते त्या बाईच्या नवऱ्याला म्हणाले. "तिकडं उन्हात माती वाहन्यापरीस हितं ऱ्हावा. खुरपनी हाय, बांधनी हाय. तुमच्यासारकी कामाची मानसं आमाला कुठं गावनार?"

नवरा बैलाकडं बघायला लागला. बोलली ती.

"आन पानी?"

"पान्याचं काय? वैनी देत्यात की काढून."

"मी न्हाई," मी म्हटलं. "तिचा पाय आजारी हुता तवर दिलं. आता बरा हाय. तिनं तिचं पानी पायऱ्या उतरून आनायचं."

हो म्हणायला सरपंचांना एकच शब्द लागला असता. डॉक्टर सांगून गेले होते की आता धोका नाही. त्यांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. म्हणाले, "बघू. गावाला इचारून सांगतो."

"इचारा," ती म्हणाली. "आमी तवर आमच्या वाटंला लागतो. ऊस आमी खुरपायचा आन घोट तुमी मोजून ओतायचा, हे न्हाई जमायचं, दादा."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्या निघाल्या. वाट बारवेवरूनच जाते. पाणी भरायची वेळ, म्हणून बाया होत्या, सरपंचही होते, मी होते, सासू होती. ती नारूवाली गाडीत बसली नव्हती, बाजूनं चालत होती. बारवेपाशी आल्यावर तिनं गाडीतून आपली कळशी काढली आणि पायऱ्या उतरायला लागली.

ती आळीतली बाई पायरीवर होती, ती अंग चोरून बाजूला झाली. सरपंचांनी तोंड उघडलं आणि माझ्याकडं बघून मिटलं. ती सावकाश उतरत होती. पाय दुखत नव्हता, तिला घाई नव्हती एवढंच. खाली पोचल्यावर ती शेवटच्या कोरड्या पायरीवर बसली आणि तिनं कळशी पाण्याला लावली.

माझी सासू वरून ओरडली, "ए बये, गाळून घे गं!"

तिनं मान वर केली. पदराची दुहेरी घडी कळशीच्या तोंडावर बसवली आणि म्हणाली, "व्हय की, आत्याबाई. तुमच्या गावाचं पानी हाय. गाळूनच घ्यावं लागंल."